टर्बो डिझेल इंजिनातील निष्कास गळती

निष्कास गळती म्हणजे सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू धुराड्याच्या टोकापर्यंत न पोहोचता वाटेतल्या एखाद्या जोडातून, तड्यातून किंवा गंजलेल्या छिद्रातून निसटणे होय. महाराष्ट्रातील गॅरेजांत या दोषाला 'पॅकिंग गेले' किंवा 'सायलेन्सर लीक आहे' असे म्हणतात. हा दोष कोणत्याही अंतर्ज्वलन इंजिनात उद्भवू शकतो. टर्बोचार्जर बसवलेल्या डिझेल इंजिनात मात्र गळतीची जागा फार महत्त्वाची ठरते. टर्बोच्या आधीची गळती इंजिनाची शक्ती घटवते. टर्बोनंतरच्या गळतीने शक्तीत सहसा जाणवण्याजोगा फरक पडत नाही, पण धूर वाहनाच्या तळाशी साचतो आणि आत बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतो.

या कारणाने मोटरहोम, म्हणजे ज्यात राहण्या-झोपण्याची सोय असते असे वाहन, यातील निष्कास गळती केवळ आवाजाची किंवा इंधनखर्चाची बाब राहत नाही. ट्रकची झोपण्याची केबिन, फिरता दवाखाना, वारीच्या काळात मुक्कामासाठी वापरले जाणारे ट्रक आणि टेंपो यांनाही हेच लागू पडते.

निष्कास मार्गाची रचना

सिलिंडर हेडच्या प्रत्येक निष्कास छिद्रातून निघणारा वायू मॅनिफोल्ड नावाच्या बहुमुखी नळीत एकत्र येतो. मॅनिफोल्ड बहुधा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पोलादी पत्र्यांचे किंवा ग्रॅफाइटचे पॅकिंग असते आणि हा जोड स्टड व नट यांनी आवळलेला असतो. मॅनिफोल्डच्या तोंडाशी टर्बोचार्जर बसतो. त्यात एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. निष्कास वायूच्या झोताने टर्बाइनचे चक्र फिरते आणि त्यामुळे दुसऱ्या बाजूचे कॉम्प्रेसरचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. निष्कास वायूच्या वाया जाणाऱ्या ऊर्जेचा असा उपयोग करण्याच्या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. टर्बोनंतर खाली वळणारी नळी, तिच्यातला लवचीक जाळीदार भाग, नव्या वाहनांत धूर शुद्ध करणारी उपकरणे, सायलेन्सर आणि शेवटचा पाइप असा क्रम असतो.

टर्बोआधीच्या भागात पूर्ण भाराखाली वायूचे तापमान साधारणतः ५०० ते ७०० अंश सेल्सिअस असते आणि दाब वातावरणीय दाबाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असू शकतो. टर्बाइनमधून पुढे गेल्यावर तापमान आणि दाब दोन्ही उतरतात. साहजिकच पहिल्या भागातली केसाएवढी फटसुद्धा शिटीसारखा आवाज करते, तर मागच्या पाइपातले बोटभर छिद्र नुसते फडफडते.

गळतीची कारणे

प्रमुख कारण उष्णतेने होणारे प्रसरण हे आहे. बिडाचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमानातील दर अंश वाढीमागे सुमारे ११ मायक्रोमीटरने वाढतो. अर्धा मीटर लांबीचे मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापले, तर ते जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर लांब होते. ज्या हेडवर ते आवळलेले असते ते पाण्याने थंड राखले जाते. बिडाच्या हेडचे तापमान तेवढ्या वेळात साठएक अंशांनीच वाढते आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या एकतृतीयांशाने वाढते. म्हणजे घाट चढताना मॅनिफोल्डची टोके हेडवरून दोन मिलिमीटरहून अधिक सरकू पाहतात आणि इंजिन थंड झाल्यावर परत येतात. या हालचालीस वाव राहावा म्हणून मॅनिफोल्डच्या टोकांची भोके स्टडपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांचे असते आणि ते तुकडे एकमेकांत सरकतात.

हा वाव गंजाने, काजळीने किंवा नट वाजवीपेक्षा जास्त आवळल्याने नाहीसा झाला, की ताण स्टडवर येतो. म्हणूनच टोकाचे स्टड बहुधा सर्वांत आधी तुटतात. सिलिंडरांच्या पहिल्या आणि शेवटच्या छिद्रापाशी काजळी दिसते आणि मधले जोड शाबूत असतात, याचे कारण हेच. मॅनिफोल्ड काही वर्षांनी थोडे वाकते. मग नवे पॅकिंग बसवूनही दोन्ही पृष्ठभाग सपाट टेकत नाहीत. पॅकिंग बदलल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत तीच गळती परत आली, तर बहुधा दोष पॅकिंगमध्ये नसून या वाकलेल्या पृष्ठभागात असतो.

टर्बोनंतरच्या भागाचे शत्रू वेगळे आहेत. तेथे गंज आणि हादरे ही मुख्य कारणे होत. थोड्या अंतरासाठी इंजिन चालवले, की पाइपात वाफेचे पाणी साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. हंगाम संपल्यावर महिनोन्महिने उभी राहणारी वाहने याला अधिक बळी पडतात आणि मोटरहोम हे बहुतांशी असेच वाहन असते. परभणी जिल्ह्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्यात चिखल तळाशी लिंपला जातो, पाइपाच्या उष्णतेने वाळून घट्ट बसतो आणि पुढे कितीतरी दिवस ओलावा धरून ठेवतो. लटकवलेल्या रबरी कड्या तुटल्या, तर पाइपाचे वजन टर्बोच्या जोडावर येते. इंजिनाखालचे रबरी आधार झिजले, तर इंजिन गचके खाते आणि लवचीक भाग त्या गचक्यांनी फाटतो. आधार न बदलता नुसता लवचीक भाग बदलणे म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा करण्याची तयारी होय.

लक्षणे आणि शोध

टर्बोआधीच्या गळतीची खूण म्हणजे थंड इंजिन सुरू करताच येणारा 'टिक टिक' आवाज. इंजिन तापल्यावर धातू फुगतो, फट मिटते आणि आवाज बंद होतो. वाहनमालक अनेकदा येथेच फसतात, कारण कारागिराकडे नेईपर्यंत इंजिन तापलेले असते आणि दाखवायला काहीच उरत नाही. वाहन रात्रभर गॅरेजात ठेवून सकाळी पहिल्यांदा सुरू करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. गळती वाढली, की चढावर शक्ती कमी पडते, टर्बो उशिरा जोर धरतो, इंधन जास्त लागते आणि जुन्या इंजिनांत काळा धूर येतो. टर्बाइनला पुरेसा वायू न मिळाल्याने हवेचा पुरवठा घटतो, तर इंधन पूर्वीएवढेच पडते. परिणामी निष्कास वायूचे तापमान वाढते आणि आधीच ताणलेल्या मॅनिफोल्डवर आणखी ताण येतो.

दोन दोष याच्याशी सहज गल्लत करतात. पहिला, टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज फाटणे. त्यानेही शक्ती घटते आणि शिटी वाजते. मात्र होज फाटला असेल तर त्याच्याभोवती तेलकट ओल असते आणि निष्कास गळतीपाशी कोरडी काळी काजळी असते. दुसरा, इंजेक्टरखालची तांब्याची चकती निकामी होणे. तिथून निसटणारा ज्वलनवायू अगदी निष्कास गळतीसारखाच फुसफुस आवाज करतो, पण इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा कठीण काळा थर जमवतो. मॅनिफोल्ड खोलण्याआधी हे दोन्ही पाहून घेतले, तर पुष्कळ वायफळ काम वाचते.

थंड इंजिनावर उष्णतारोधक पत्रे काढून काजळीचे पट्टे पाहणे ही तपासणीची पहिली पायरी आहे. त्यानंतर मीटरभर लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडाजोडावरून फिरवावे. हे करताना पंखा आणि पट्टे यांपासून नळी दूर ठेवावी लागते. सर्वांत खात्रीची पद्धत मात्र बंद इंजिनावर करायची असते. मागच्या पाइपातून कमी दाबाची हवा सोडून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावले, की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. या वेळी एखाद्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा अंशतः उघड्या असतील, तर थोडी हवा एअर फिल्टरकडे निघून जाते. तो आवाज गळतीचा समजू नये. चालू इंजिनाच्या धुराड्यावर हाताने चिंधी दाबून धरण्याची जुनी रीत टर्बो डिझेलसाठी योग्य नाही. हात भाजतो, आणि धूर थेट तोंडावर येतो.

मॅनिफोल्डची दुरुस्ती

काम पूर्ण गार इंजिनावर करतात. तापलेल्या बिडाचे नट सोडवू गेल्यास आटे उखडतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल स्टडांवर मारून ठेवले, तर निम्मे काम सोपे होते. नट अडकला, तर तो एकाच दिशेने जोर लावून तोडण्याऐवजी थोडा मागे, थोडा पुढे असा हलवतात.

स्टड हेडच्या आत तुटला आणि त्याचा तुकडा थोडा बाहेर असला, तर त्यावर एक नट ठेवून मधोमध वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि थंड होताच पान्याने तुकडा फिरून बाहेर येतो. तुकडा पृष्ठभागाच्या खाली तुटला असेल, तर बरोबर केंद्रावर भोक पाडून तो काढावा लागतो. या कामात हात तिरपा गेला तर ड्रिल पाण्याच्या मार्गात शिरू शकते आणि शे-दोनशे रुपयांच्या स्टडपायी हेडचे काम निघते. जेथे ड्रिल सरळ धरण्यासाठी साचा किंवा अनुभवी हात नाही, तेथे हेड उतरवून मशीन शॉपमध्ये नेणेच शहाणपणाचे असते. एक स्टड तुटला असेल, तर त्याच्या जोडीचे बाकीचेही तितक्याच वेळा ताणले गेलेले असतात. म्हणून सगळे बदलतात. साधे बाजारी बोल्ट येथे चालत नाहीत. तापमान सहन करणारेच स्टड लागतात.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर त्याच्या सर्व तोंडांवर सरळ पोलादी पट्टी ठेवून खालची फट फीलर गेजने मोजतात. फट निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेबाहेर असेल, तर पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करावा लागतो. हाताच्या ग्राइंडरने हे काम साधत नाही. ग्राइंडरने चमक येते, सपाटी येत नाही. हेडचा पृष्ठभागही त्याच पट्टीने तपासतात.

जुने पॅकिंग खरवडताना निष्कास छिद्रे कापडाने बंद ठेवतात आणि टर्बोचे तोंड झाकतात. लहान टर्बोचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. पॅकिंगचा एखादा कपचा किंवा नटाचा तुकडा आत राहिला, तर पहिल्याच फेरीत पाती तुटतात. याच कारणाने टर्बोआधीच्या जोडावर सिलिकॉनची पेस्ट लावू नये. बाजारात मिळणारी लाल सिलिकॉन पेस्ट 'उच्च तापमानाची' म्हणून विकली जाते, परंतु ती साधारणतः ३०० अंशांच्या आसपासपर्यंतच टिकते. मॅनिफोल्डवर ती जळते आणि तिचे तुकडे टर्बाइनकडे जातात.

नट आवळताना मधल्या स्टडांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जातात आणि ठरलेला टॉर्क दोन-तीन टप्प्यांत देतात. आटे स्वच्छ असावेत आणि त्यांवर उच्च तापमानाची अडकणरोधक पेस्ट पुस्तिकेने सांगितली असेल तरच लावावी, कारण तेलकट आट्यांवर तोच टॉर्क स्टडला अधिक ताणतो. काही इंजिनांत नटाखाली लांब नळीसारखे स्पेसर असतात. त्यांमुळे लांब स्टड वापरता येतो आणि लांब स्टड थोडा स्प्रिंगसारखा ताणला जाऊन प्रसरण सोसतो. दुरुस्तीत हे स्पेसर 'जास्तीचे' म्हणून बाजूला ठेवलेले दिसतात. ते परत बसवणे आवश्यक आहे.

मॅनिफोल्डला आरपार तडा गेला असेल, तर ते बदलणे श्रेयस्कर. बिडाचे वेल्डिंग अशक्य नाही. संपूर्ण तुकडा आधी तापवून, निकेलच्या कांडीने थोडे थोडे वेल्डिंग करून आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळूहळू थंड करून ते करता येते. तरीही जोडाच्या शेजारीच नवा तडा पडण्याचा संभव राहतो. नवा भाग येईपर्यंतची सोय एवढेच त्याचे स्थान मानावे. छिद्रांमधल्या भागावरचे वरवरचे बारीक तडे मात्र आरपार नसतील, तर पुष्कळ निर्माते ते चालवून घेतात.

टर्बोनंतरच्या नळीची दुरुस्ती

टर्बो आणि खालची नळी यांचा जोड अनेक इंजिनांत गोल पट्ट्याच्या क्लॅम्पचा असतो. तो आवळताना क्लॅम्पभोवती हलके ठोकत जावे लागते, नाहीतर एका बाजूला ताण अडकून राहतो. नळी हाताने ओढून जागेवर आणावी लागत असेल, तर ती चुकीच्या कोनात आहे असे समजावे. सगळे जोड आधी सैल बसवून, लटकणाऱ्या कड्यांवर वजन देऊन मगच इंजिनाकडून मागच्या दिशेने आवळत जातात.

गंजलेल्या पाइपावर ठिगळ लावताना आजूबाजूचा पत्रा जाड असावा लागतो. हातोडीने हलके ठोकून तो दबत असेल, तर तेवढा तुकडाच कापून नवा घालतात. पाइपावर गुंडाळायची निष्कास पट्टी प्रवासात गाडी घरी आणण्यापुरती उपयोगी आहे. लवचीक जाळीदार भागावर वेल्डिंगचे ठिगळ टिकत नाही. तो भाग बदलावाच लागतो.

राहत्या वाहनातील धोका

डिझेल इंजिनात हवा जादा असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पेट्रोल इंजिनापेक्षा कमी असते. 'डिझेलचा धूर मारत नाही' हा समज यातूनच आला असावा. तो धोकादायक आहे. थंड इंजिन, दीर्घकाळ मंद गतीने चालणारे इंजिन आणि हवेचा पुरवठा घटलेले इंजिन यांत हे प्रमाण वाढते. कार्बन मोनॉक्साइडला रंग आणि वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे झोपलेल्या माणसाला जाणवत नाहीत. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी ऑक्सिजनची पातळी ठीक असल्याचे दाखवू शकतो, कारण त्याला दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. बाधा झाल्याची शंका आल्यास इंजिन बंद करून व्यक्तीला मोकळ्या हवेत आणतात आणि रुग्णालयात नेतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

याशिवाय धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूक्ष्म काजळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला.

धूर आत शिरण्याच्या वाटा मोटरहोममध्ये नेहमीच्या बसपेक्षा अधिक असतात. सिंकच्या पाण्याची नळी, बॅटरीच्या तारा, शौचालयाची टाकी यांसाठी तळाला भोके पाडलेली असतात. चालत्या वाहनाच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची खिडकी उघडी असेल तर धूर तिच्यातून आत ओढला जातो. वाहनाचे रूपांतर करताना मागचा सांगाडा लांबवला, पण धुराड्याचा पाइप तेवढाच ठेवला, तर त्याचे तोंड थेट झोपण्याच्या जागेखाली येते. हा दोष गळतीच्या व्याख्येत बसत नसला तरी परिणाम तोच होतो. म्हणून निष्कास दुरुस्तीबरोबर तळाची भोके अग्निरोधक भरावाने बंद करणे, पाइपाचे तोंड सांगाड्याच्या कडेबाहेर काढणे आणि झोपण्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर बसवणे ही कामे एकत्रच केली जातात. वातानुकूलनासाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये. वाहनात वेगळा जनरेटर असेल, तर त्याच्या धुराड्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

महाराष्ट्रातील स्थिती

टर्बो डिझेल इंजिनांच्या निर्मितीत पुण्याचे स्थान मोठे आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ पासून आणि कमिन्सचा भारतीय उद्योग १९६२ पासून तेथे आहे. आकुर्डी येथील फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलर या वाहनाच्या सांगाड्यावर मोटरहोम बनवली जातात. वाहनांच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही पुण्यातच आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

परभणी-जिंतूर भागातील झरीसारख्या गावांत मोटरहोम क्वचितच दिसते. तेथे टर्बो डिझेल इंजिन भेटते ते मोठ्या ट्रॅक्टरांत, पिकअपमध्ये, मळणी आणि कापणीच्या यंत्रांत व एसटी बसमध्ये. दोषाचे स्वरूप मात्र तेच असते आणि मॅनिफोल्डचा स्टड काढण्याचे कसब ट्रॅक्टरवर शिकलेल्या कारागिराला मोटरहोमवरही उपयोगी पडते. फरक एवढाच, की ट्रॅक्टरवर चालक उघड्यावर बसतो आणि उभ्या सायलेन्सरातून धूर डोक्यावरून निघून जातो. म्हणून ट्रॅक्टरमध्ये चालवून घेतली जाणारी गळती बंद वाहनात चालवून घेता येत नाही, हे कारागिराला वेगळे सांगावे लागते.

भारत स्टेज सहा वाहने

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांमुळे निष्कास मार्गात काजळी गाळणारा फिल्टर, नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी युरिया द्रावणाची यंत्रणा आणि अनेक संवेदक आले. या वाहनांत गळतीचा पहिला इशारा बहुधा आवाजाऐवजी डॅशबोर्डवरचा दिवा देतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक मोजणाऱ्या बारीक नळीला चीर गेली, तर फिल्टर किती भरला आहे हे संगणकाला कळत नाही. युरिया सोडण्याच्या जागेपाशी जोड गळत असेल, तर बाहेर पांढरट खडे साचतात. ही खूण काजळीइतकीच निर्णायक आहे. फिल्टर स्वच्छ करण्यासाठी त्यातली काजळी जाळली जाते, तेव्हा तेथील तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. त्या वेळी टर्बोनंतरची गळतीही तळाच्या तारा, इंधननळ्या आणि लाकडी फरशीपर्यंत आग पोहोचवू शकते. त्यामुळे जुन्या वाहनांत दुय्यम समजली जाणारी मागची गळती या वाहनांत ताबडतोब दुरुस्त करावी लागते. फिल्टर काढून सरळ पाइप बसवणे हा काही ठिकाणी सुचवला जाणारा मार्ग बेकायदेशीर आहे. दुरुस्तीनंतर दिवा नुसता पुसून न टाकता संवेदकांची प्रत्यक्ष वाचने स्कॅनरवर पाहतात, आणि इंजिन एकदा पूर्ण तापवून थंड झाल्यावर सर्व जोड पुन्हा साबणाच्या पाण्याने तपासतात.